खिडकीत मोडलेला कान

माझा डावा कान कुस्तीत मोडलेला नाही. तो आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या खिडकीत मोडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या सासऱ्यांना तर नाहीच.

परगावच्या माणसाला वाटेल, यात लपवण्यासारखं काय आहे? त्यासाठी आमच्याकडे मोडक्या कानाला काय किंमत असते ते माहीत हवं. सातारा-सांगलीकडे ज्याचा कान मुडपून घट्ट झालाय, सुकलेल्या अंजिरासारखा दिसतोय, तो पैलवान. त्याला कुणी पुरावा विचारत नाही. एसटीत त्याला सरकून जागा देतात, हॉटेलवाला न सांगता दुधावरची साय जास्त घालतो, आणि भांडणात लोक त्याच्याकडे बघून आवाज खाली आणतात. वर्षानुवर्षं मातीत डोकं घासून, समोरच्याच्या खांद्याखाली चेंगरून तो कान झालेला असतो. माझा एका दुपारी झाला.

मी कॉलेजात होतो. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सुट्टीला पलूसजवळच्या आमच्या गावी आलो होतो. आपला क्रिकेटचा संघ तेव्हा विलायतेत खेळत होता आणि गावात चालणारा रेडिओ एकच, ग्रामपंचायतीचा. त्या दिवशी शिपाई कार्यालयाला कुलूप लावून घरी गेला, पण रेडिओ बंद करायला विसरला. मी तिथनं चाललो होतो. आतून कॉमेंट्री ऐकू येत होती, पण इतकी बारीक की कोण आउट झालं ते काही कळेना. खिडकीला उभे गज होते. मी कान लावला, गाल लावला, आणि मग, आता लिहितानाही हात अडखळतो, सरळ डोकंच आत घातलं.

डोकं आत जाताना काही त्रास झाला नाही. कान मागे दुमडले आणि गजांतून सुटल्यावर टपकन पुन्हा उभे राहिले. आपला संघ चांगला खेळत होता. मी पोटभर ऐकलं. बाहेर काढायला गेलो तेव्हा कळलं की आत जाताना दुमडणारे कान बाहेर येताना आडवे येतात.

कानात हाड नसतं, कूर्चा असते. हा शब्द मी फार पुढे शिकलो. मटणाच्या रश्श्यात हाडाच्या टोकाला जे पांढरं, कुरकुरीत लागतं ना, तीच. दाबली की वाकते, सोडली की परत मूळ आकाराला येते. एरवी ही मोठीच सोय. कुशीवर झोपा, टोपी ओढा, मास्तरांनी पिळा, सकाळी कान जिथल्या तिथं. त्या दुपारी मात्र हा गुण माझ्या मुळावर आला. उजवा कान मी शेजारच्या फटीतून हात घालून दाबला आणि सोडवला. डाव्याकडे वळणार तेवढ्यात पाण्याला निघालेल्या बायकांचं हसणं वळणावर ऐकू आलं. मी कॉलेजात शिकणारा, घडीची पँट घातलेला मुलगा, आणि माझं डोकं ग्रामपंचायतीत! मी डोळे मिटले आणि ओढलं.

बायका आल्या तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो, कानावर हात ठेवून. एकीनं विचारलं, "काय रं, दाढ दुखती काय?" मी मान हलवली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडी अशाच झाल्या आहेत. समोरच्यानं काहीतरी म्हणायचं आणि मी मान हलवायची.

कान जांभळ्या वांग्यासारखा सुजला. आईला सांगितलं, पडलो. तिनं हळद लावली, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, आणि माझ्या वेंधळेपणाबद्दल वडिलांना दोन शब्द सुनावले, जणू पडले तेच होते. सूज उतरली, पण कान परत आला नाही. आतली जागा भरून आली ती कडक गाठीनं. सुट्टी संपवून सांगलीला गेलो तेव्हा चहाच्या गाड्यावरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि कपात दूध वाढवत म्हणाला, "व्वा पैलवान! कान फुटला की. कुणाच्या हातनं?"

मी हसलो. बस्स, एवढंच केलं. माझी खोली तालमीला लागून होती, तालमीच्याच नळावर मी आंघोळ करायचो. बाकीचं लोकांनी जुळवून घेतलं. अंगानं मी काटकुळा होतो, पण त्यालाही उत्तर होतं. चहावाला इतरांना सांगायचा, "हलक्या गटातला हाय. असलीच लय चपळ असत्यात."

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मी तेव्हा साताऱ्यात पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मुलगी खंडाळ्याच्या अलीकडच्या एका गावातली. वडील फौजेतून निवृत्त झालेले, जुने पैलवान. त्यांचे दोन्ही कान इतके मुडपलेले होते की ऐकायला भोक कुठनं राहिलं असेल असा प्रश्न पडावा. चुलत्यांना घेऊन मी मुलगी बघायला गेलो. पोहे आले, मुलगी आली, तिनं मान खाली घातली, मीही घातली. तिचे वडील मात्र माझ्याकडेच बघत होते. अचानक उठले, जवळ आले आणि म्हणाले, "पावणं, जरा हिकडं तोंड करा."

त्यांनी माझा कान अंगठा आणि बोटात धरला, दाबला, कडेनं चाचपला. बाजारात बैलाच्या दाताकडे बघतात तसं बघितलं.

"गाठ पक्की हाय," ते म्हणाले. "लाकडागत. कुठल्या तालमीत?"

मी तोंड उघडायच्या आत चुलते म्हणाले, "सांगलीला हुता की. तालमीच्या शेजारीच."

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यातला 'शेजारीच' मुलीच्या वडिलांनी ऐकला नाही आणि मी पुन्हा सांगितला नाही.

"पावणं बोलत न्हाईत काय?"

"कमी बोलतोय," चुलते म्हणाले.

"ब्येस. आमच्या पलटणीत एक हुता, कुस्तीच्या आधी लय बोलायचा. मातीत गेला की दमून बसायचा."

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला बायकोनं हसत हसत सांगितलं, "आवं, आबांनी तुमचा पगार इचारलाच न्हाई. तुमचा कान बघितला, आत आले आन आईला म्हणाले, च्यात साखर वाढव, पोरगी गेली." मग तिनं माझ्या कानाला हात लावला. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांचे कान चाचपायची सवय होती तिला. "अगदी आबांच्यासारखा," म्हणाली. मी त्या वेळी सांगायला हवं होतं. दिवाळी होती, पणत्या लावलेल्या होत्या, ती खुशीत होती. मी म्हटलं, उद्या सांगू.

चैत्रात सासुरवाडीची जत्रा आली. आमच्याकडे जत्रा म्हटली की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. ओढ्याकाठी तांबड्या मातीचा आखाडा, भोवती टेकडीभर माणसं, एका बाजूला हलगी. नव्या जावयाला फेटा बांधून पुढं, पंचांच्या शेजारी बसवायची पद्धत. मी बसलो. माझ्या शेजारी सासरे. त्यांना मी मामा म्हणतो, इथंही मामाच म्हणेन. मामा प्रत्येक कुस्तीला माझ्या मांडीवर थाप मारून विचारत, "कसा डाव टाकला?" आणि मी मान हलवत होतो. मान हलवणं एव्हाना मला चांगलं जमत होतं.

शेवटाला शिराळ्याकडचा एक पैलवान आखाड्यात उतरला. हात वर करून त्यानं फेरी मारली, म्हणजे, कोण असेल त्यानं यावं. गावातला चांगला पोरगा आधीच्या कुस्तीत खांदा दुखावून बसला होता. पैलवान एक फेरी फिरला, दुसरी फिरला, हलगीवाल्यानं जोर वाढवला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, गावात कुणी न्हाई म्हंजी? जावई काय शोभंला बसवलाय व्हय?"

दुसरा म्हणाला, "कान बघा की त्याचा! उतरवा त्याला!"

मग टेकडीच बोलायला लागली. जावई! जावई! शिराळ्याच्या पैलवानानं माझ्याकडे बघून आदरानं मातीला हात लावला. मला आठवतं ते एवढंच की फेट्याखाली माझा घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि मी बायका बसल्या होत्या तिकडे बघायचं टाळत होतो.

मामा माझ्याकडे वाकले. हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "उतरताय?"

त्या एका शब्दाला एका वाक्याचं उत्तर होतं. मामा, मी कधी कुस्ती खेळलेलो नाही. त्यांनी सांभाळून घेतलं असतं. त्या माणसाला मी आता इतकी वर्षं ओळखतो, मला खात्री आहे, त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण मी म्हणालो, "कान ठणकतोय, मामा."

त्यांचा चेहरा लगेच बदलला. मोडलेल्या कानावर पुन्हा लागलं तर काय होतं हे त्यांच्याइतकं तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. "मग आजिबात न्हाई," ते म्हणाले. "बसा गप." उभे राहिले आणि टेकडीकडे तोंड करून ओरडले, "जावयाचं कानाचं दुखणं उठलंय! आज न्हाई!"

"मग सासरा येतोय का?" टेकडी हसली.

लोक चेष्टेत म्हणाले होते. मामांनी चेष्टेत घेतलं नाही. त्यांनी आपला फेटा काढला, माझ्या मांडीवर ठेवला, सदरा काढला. पंच म्हणाले, "आवं, ह्या वयात?" मामा म्हणाले, "वय माझं हाय, तुला काय त्रास?" पन्नाशी उलटलेला माणूस चड्डीवर आखाड्यात उतरला आणि असा शड्डू ठोकला की ओढ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या.

शिराळ्याचा पैलवान भला पोरगा. त्यानं आधी मामांच्या पायाला हात लावला, मग हाताला हात. तो जपूनच खेळत होता. मामा मात्र जपायला तयार नव्हते. त्यांनी पोराला दोनदा चकवलं, एकदा जवळजवळ खाली आणलं, आणि लोक वेडे झाले. टोप्या उडाल्या. मीही ओरडत होतो, खरं सांगतो, सगळं विसरून ओरडत होतो. मग मामा पाय रोवून अंगानं गर्रकन फिरले आणि त्यांचा उजवा गुडघा फिरलाच नाही.

पोरानं त्यांना पडू दिलं नाही. कवेत धरून उभं ठेवलं. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, दोघांचे हात वर केले. मामा लंगडत माझ्याकडे आले, तोंडभर माती आणि तोंडभर हसू. "लय मजा आली," म्हणाले. "बऱ्याच वर्सांनी. आन तुमचा कान कसाय?"

गुडघा रात्रीत भोपळ्याएवढा झाला. पंधरवडा उलटला तरी पाय सरळ होईना, म्हणून मी त्यांना मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. एसटीत मामांनी माझ्या कानाचं कौतुक शेजारच्या तिघांना सांगितलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, पिळला, कान देऊन ऐकला. फोटो काढला. फोटोत हाडं छान दिसत होती.

"मग बिघडलंय काय?" मामा म्हणाले.

"बिघडलंय ते फोटोत दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. ती फाटलीय. तिचा तुकडा मध्ये येतो आणि पाय अडकतो."

"शिवता येती का?"

"हाड मोडलं तर सांधतं, कारण हाडाला रक्त मिळतं. कूर्चेत रक्ताच्या नळ्या आणि मज्जातंतू जवळजवळ नसतातच. म्हणून ती घासली तरी दुखत नाही, आणि फाटली की भरूनही येत नाही. फार तर तुकडा काढून टाकता येईल."

मामांनी यावर थोडा विचार केला. "आसू द्या," म्हणाले. "जे हाय ते माझ्याजवळच ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर बोलके होते. नाकाचा शेंडा, घशाचा कंठ, फासळ्यांची पुढची टोकं, पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या, सगळीकडे हीच असते म्हणाले. एवढंच काय, पोटातल्या बाळाचा जवळजवळ सगळा सांगाडा आधी कूर्चेचाच तयार होतो आणि हाड मागून येतं. माझ्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते. मामा खुर्चीतल्या खुर्चीत पुढं सरकले.

"म्हंजी माझ्या नातवाचं समदं आंग सध्या कानागत हाय?"

"तसं म्हणा."

"मग जावयावर जाणार त्यो!" आणि गुडघ्यावर थाप मारायला गेले, मग आठवलं, आणि माझ्याच गुडघ्यावर मारली.

आता डॉक्टरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी माझा कान बघितला, वाकून मागून बघितला. "गंमत आहे," म्हणाले. "पैलवानांचे कान पुढून घासलेले असतात. तुमचा मागून सोलवटलेला दिसतोय. असा कसा झाला?"

मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता हा माणूस बोलेल आणि मला बोलावं लागणार नाही.

मामा माझ्या आधी बोलले. जरा रागानंच. "डावखुरा हाय त्यो! डावखुऱ्याची पकड उलटी बसती. तुमी डॉक्टर, तुमाला तालमीतलं काय ठावं?"

डॉक्टर हसून म्हणाले, "असेल, असेल."

बाहेर आल्यावर आम्ही चहा घ्यायला बसलो. मामा माझ्याकडे बघत होते. मी उजव्या हाताचा आहे, जन्मापासून. टेबलावर कप आला, आणि माझा डावा हात पुढे गेला. मामा समाधानानं म्हणाले, "म्हटलं नव्हतं?" त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मी चहा डाव्या हातानं पितो. जेवताना मात्र पंचाईत व्हायची. तिथं त्यांनीच मार्ग काढला. म्हणाले, "जेवायला उजवाच चांगला, पावणं, संस्कार असत्यात," आणि मला वाढणाऱ्याला सांगितलं, जावई डावखुरे आहेत पण बघा, जेवतात कसे.

यात हसण्यासारखं खूप आहे. मीही हसतो. घरात आमच्या हशाच जास्त झाला आहे, मामा असले की जास्तच. पण त्या जत्रेपासून मामा मांडी घालून बसलेले नाहीत. पंगतीला त्यांच्यासाठी एक लाकडी खोकं येतं, त्यावर बसून ते सगळ्यांच्या डोक्यांवरून जेवतात. म्हणतात, आता कुणाच्या पानात काय वाढलं ते पहिल्यांदा मला दिसतं. देवळाची पायरी चढताना कधी पाय अडकतो, तेव्हा तिथंच थांबतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात, जणू त्यासाठीच थांबले होते. तुकडा हलला की पुढं जातात. लोकांनी विचारलं तर सांगतात, "जावयाच्या कानासाठी गुडघा दिला. सौदा वाईट न्हाई."

मी शेजारी उभा असतो. डोकं गजात आणि बायकांचं हसणं वळणावर, अगदी तसं होतं मला. आणि मी मान हलवतो.

आता ते पंचाहत्तरीचे आहेत. दरवर्षी जत्रेला निरोप येतो, मी जातो, फेटा बांधून घेतो, त्यांच्या शेजारी बसतो. गेल्या वर्षी एका नवशिक्या पोराला त्यांनी माझ्यापुढे उभं केलं. त्याचा कान नुकताच सुजला होता. मामा त्याला म्हणाले, "ह्यांचा कान हातात धरून बघ. असा व्हायला पायजे." पोरानं भीतभीत धरला. त्याच्या बोटांना मातीचा वास होता. परत येताना एसटीत बायको म्हणाली, "आज तुमी लयच गप हाय." तेव्हा ठरवलं की आधी लिहून काढू.

मामांचा गुडघा मी भरून देऊ शकत नाही, तो भरून येण्यातला नाही. पण माझा कान खिडकीत मोडला, आणि जत्रेच्या दिवशी तो ठणकत नव्हता, हे त्यांच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं त्यांना सांगण्याचं देणं मी लागतो. हे मी अजून केलेलं नाही.